"जे महत्त्वाचं, ते डोळ्यांना दिसत नाही" – मग डोळे कशाला?

कवडसा

गेल्या महिन्याभरात हे वाक्य मला तीनदा भेटलं. एकदा मैत्रिणीने दिलेल्या वहीच्या पुठ्ठ्यावर, एकदा कुणाच्या तरी स्टेटसला (मागे मावळता सूर्य), आणि परवा चक्क डोळ्यांच्या दवाखान्यात, भिंतीवर, चौकटीत.

"माणसाला नीट दिसतं ते फक्त हृदयानेच. जे महत्त्वाचं, ते डोळ्यांना दिसत नाही."

पुस्तक बहुतेकांना माहीत असेल. आंत्वान द सेंत-एक्झुपेरी या फ्रेंच वैमानिक-लेखकाचं 'द लिटल प्रिन्स'. 1943 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघालं. एकविसाव्या प्रकरणात कोल्हा छोट्या राजपुत्राला हे सांगतो.

दवाखान्यात माझी नऊ वर्षांची लेक शेजारी बसली होती. बाहुल्या मोठ्या होण्यासाठी तिच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते. गालावर कापूस धरून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिने चौकटीतली मोठी अक्षरं एकेक करून लावली आणि मला विचारलं, "आई, मग डोळे कशाला दिलेत?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. तिला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. म्हणून इथे विचारते. या वाक्याचा तुम्ही काय अर्थ लावता? ते इतकं लोकांच्या तोंडी का बसलं? आणि नऊ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं?

पिंपळपान

डोळ्यांच्या दवाखान्यात हे वाक्य लावायला मोठं मन हवं. त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. :)

वाटसरू

स्पष्ट लिहितो, मला हे वाक्य आवडत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी मी एका जवळच्या माणसाबरोबर धंद्यात पैसे घातले. कागद समोर होते. वाचले असते तर दुसऱ्याच पानावर सगळं कळलं असतं. पण "आपल्या माणसाचे कागद काय वाचायचे, मन सांगतंय ना" असं म्हणून सही केली. ते कर्ज फेडायला सहा वर्षं लागली. माझ्या हृदयाला त्या दिवशी अगदी लख्ख दिसत होतं, आणि ते साफ चुकीचं होतं.

हे वाक्य लोकप्रिय आहे कारण ते वाचणाऱ्याकडून काहीच मागत नाही. तुम्हाला जे वाटतं तेच खरं, एवढंच सांगतं. मुलीला सांगा, डोळे उघडे ठेवायला दिलेत.

चांदणवेल

वाटसरू, वाचून वाईट वाटलं. पण त्यात वाक्याचा काय दोष?

शब्दखुळी

दोष आहे, पण तो तोडून घेतलेल्या वाक्याचा. म्हणून जरा विस्ताराने लिहिते. हे पुस्तक मी फ्रेंच शिकत असताना पहिल्यांदा वाचलं आणि नंतर बऱ्याच जणांना शिकवलं.

हे वाक्य सुटं येत नाही. राजपुत्र निरोप घ्यायला आलेला असताना कोल्हा त्याला आपलं गुपित भेट म्हणून देतो आणि लागोपाठ तीन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे ही, हृदयाने दिसण्याची. दुसरी, "तू तुझ्या गुलाबासाठी जो वेळ घालवलास, त्यानेच तुझा गुलाब इतका महत्त्वाचा झाला." आणि तिसरी, "ज्याला तू लळा लावलास, त्याची जबाबदारी कायमची तुझ्यावर." प्रत्येक वेळी राजपुत्र ते मनात राहावं म्हणून पुन्हा म्हणतो, पाठ करतो. भिंतीवर चढलं ते मात्र पहिलंच, उरलेली दोन पुस्तकात राहिली.

वाटसरू म्हणतात की हे वाक्य काही मागत नाही. सुटं वाचलं तर खरंच आहे. पण तिन्ही एकत्र वाचली की ते आधी वेळ मागतं आणि मग जन्मभराची जबाबदारी.

आता शब्द. दुसऱ्या वाक्यात फ्रेंचमध्ये वेळ 'दिला' असं नाही, 'पेर्द्यू' आहे, म्हणजे हरवलेला, वाया गेलेला. इंग्रजीत ते उतरवताना 'वेस्टेड' की 'स्पेंट' हा प्रश्न पडतोच. आपलं नशीब बघा, आपल्याकडे 'वेळ घालवणे' आहे! आवडत्या माणसाबरोबर आपण वेळ घालवतो आणि उगीच टंगळमंगळ करूनही घालवतो. एकाच क्रियापदात दोन्ही.

पहिल्या वाक्यातला 'बियाँ' म्हणजे 'नीट', 'चांगलं'. 1943 च्या कॅथरिन वुड्स यांच्या इंग्रजी भाषांतरात त्याचं 'राइटली' झालं, 2000 साली रिचर्ड हॉवर्ड यांनी 'क्लिअरली' केलं. एकात योग्य-अयोग्य आलं, दुसऱ्यात स्पष्ट-अस्पष्ट. मूळ शब्द इतका साधा आहे की कवडसाताईंनी वापरलेला 'नीट' मला दोन्हींपेक्षा जवळचा वाटतो.

साधामाणूस

शब्दखुळी, वाचनखूण साठवली. एक शंका. 'हृदय' कशाला? मराठी माणूस घरात 'हृदय' म्हणतो ते फक्त डॉक्टरांचा विषय निघाला की. मी असतो तर 'मनाने दिसतं' लिहिलं असतं.

शब्दखुळी

मन फार चंचल हो. आपल्या भाषेत मन भटकतं, उडतं, कशावरही बसतं. वाटसरूंना फसवलं ते मनानेच. मी वर्गात 'काळीज' लिहून बघितलं होतं. एक विद्यार्थिनी म्हणाली, "काळीज तुटतं, चरकतं, पण बघत नाही." निरुत्तर झाले. 'अंतःकरण' बरोबर आहे, पण कोल्ह्याच्या तोंडी शोभत नाही.

साधामाणूस

तरी माझं मत काळजालाच. तिसऱ्या वाक्यात जबाबदारी आहे ना? काळीज आणि काळजी. व्युत्पत्ती जाणकारांनी सांगावी, पण कानाला हे दोन शब्द सख्खे वाटतात.

अनवट

काळीज-काळजी हे सुंदर आहे.

अवांतर: कोल्हा म्हणतोय आपण सगळे, पण चित्रात त्याचे कान बघितलेत का? लांबच लांब, सशासारखे. तो आपला ऊस खाणारा कोल्हा नव्हे, त्याच्यापेक्षा खोकड जवळचं. सहारातल्या फेनेक नावाच्या लहान खोकडाचे कान तसे असतात. सेंत-एक्झुपेरी 1920 च्या दशकाच्या शेवटी सहाराच्या किनाऱ्यावरच्या केप जुबीला विमानतळ सांभाळत होता, तेव्हा त्याने असं एक खोकड पाळायचा प्रयत्न केला होता आणि बहिणीला पत्रातून कळवलंही होतं. म्हणजे हे माणसाळवणं त्याने स्वतः करून पाहिलेलं होतं.

शब्दखुळी

अनवट, तुम्ही 'माणसाळवणं' लिहिलंत आणि माझा आवडता विषय काढलात.

कोल्हा राजपुत्राला म्हणतो, "मी तुझ्याशी खेळू शकत नाही, मी 'आप्रिव्हॉझे' नाही." राजपुत्र पुन्हा पुन्हा विचारतो, म्हणजे काय? कोल्हा सांगतो की ही फार विसरली गेलेली गोष्ट आहे, तिचा अर्थ बंध निर्माण करणं. शब्दकोशात पाहिलं तर 'माणसाळवणे' अगदी चपखल बसतं. पण त्यात माणूस करणारा असतो आणि जनावर बदलणारं. गोष्टीत दोघंही बदलतात. म्हणून मी वर 'लळा लावणे' वापरलं. लळा लावणाऱ्यालाही लागतो.

रानवारा

मी जरा वेगळ्या बाजूने येतो. हे वाक्य एकविसाव्या प्रकरणात अचानक उगवत नाही, पहिल्या पानापासून त्याची तयारी चालू असते.

पहिल्या प्रकरणात लहान मुलाने काढलेलं चित्र मोठ्यांना टोपी वाटते. असतो तो हत्ती गिळलेला अजगर. हत्ती दिसत नाही, पण आहे. दुसऱ्या प्रकरणात राजपुत्राला मेंढी काढून हवी असते. गोष्ट सांगणाऱ्या वैमानिकाच्या तीन मेंढ्या नापास होतात, शेवटी कंटाळून तो नुसती पेटी काढून देतो, "तुझी मेंढी आत आहे." राजपुत्र खूश! मग चोविसाव्या प्रकरणात वाळवंट सुंदर का, तर त्याच्या पोटात कुठेतरी विहीर दडलेली असते म्हणून. हत्ती, मेंढी, विहीर. मुलीला वाक्याचा अर्थ सांगत बसू नका, ही तीन चित्रं दाखवा.

विहिरीबद्दल आणखी थोडं. 1935 च्या डिसेंबरअखेर सेंत-एक्झुपेरीचं विमान लिबियाच्या वाळवंटात कोसळलं. सोबत प्रेव्हो नावाचा मेकॅनिक. दोघं पाण्यावाचून दिवसचे दिवस चालले, डोळ्यांना नसती तळी दिसायला लागली, शेवटी वाळवंटात भटकणाऱ्या एका बेदुईन माणसाने वाचवलं. डोळे किती खोटं दाखवू शकतात हे तो माणूस मृगजळ बघून शिकला होता. हे लक्षात घेतलं की वाक्याचा गोडवा जरा कमी होतो आणि वजन वाढतं.

वाटसरू

रानवारा, ही माहिती मला नव्हती. मृगजळाचा मुद्दा मान्य. पण मृगजळ हृदयालाही दिसतं, एवढंच माझं म्हणणं.

टिपकागद

लोकप्रियतेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पुस्तक पाचशेहून अधिक भाषा आणि बोलींत गेलंय. फ्रान्सने 1993 मध्ये पन्नास फ्रँकच्या नोटेवर लेखकाला आणि राजपुत्राला आणलं होतं. लेखक 31 जुलै 1944 ला कॉर्सिकाहून टेहळणीच्या उड्डाणावर गेला तो परतलाच नाही. विमानाचे अवशेष मार्सेयजवळच्या समुद्रात सापडले आणि 2004 मध्ये त्यांची ओळख पटली. त्याच्या देशात पुस्तक युद्धानंतरच छापलं गेलं. दिसेनाशा झालेल्या माणसाने 'महत्त्वाचं दिसत नाही' असं लिहून ठेवलेलं, आणि वाचणारे लोक नुकतीच आपली माणसं गमावून बसलेले. ते वाक्य त्यांना कसं भिडलं असेल याची कल्पना करा.

आणि ते सहज सुचलेलंही नव्हतं बरं का. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात हस्तलिखित आहे. पंधराएक वेळा फिरवून फिरवून लिहिल्यावर त्याला आजचं रूप आलं.

चांदणवेल

माझं आवडतं वाक्य दुसऱ्याच पुस्तकातलं आहे, विनी द पूह या अस्वलाच्या गोष्टींमधलं. "तुला वाटतं त्याहून तू धीट आहेस, दिसतोस त्याहून बळकट आहेस आणि समजतोस त्याहून हुशार आहेस." मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. हे आमच्याकडे फळ्यावर लिहिलेलं असतं. खाली ए. ए. मिल्न.

टिपकागद

चांदणवेल, वाक्य छानच आहे, पण ते मिल्नचं नाही. पूहची गोष्टींची पुस्तकं दोन, 1926 आणि 1928 ची. दोन्हींत हे वाक्य कुठेही नाही. ते 1997 च्या डिस्नेच्या पूह चित्रपटातलं आहे. मिल्न 1956 सालीच गेले.

अनवट

त्या प्रसंगातली गंमत कुणी सांगत नाही. पूहचा छोटा मित्र ख्रिस्तोफर रॉबिन पूहकडून हे कायम लक्षात ठेवायचं वचन घेतो आणि पूह तिथल्या तिथे घोळ घालतो. मधमाशीपेक्षा धीट, झाडापेक्षा लांब, असलं काहीतरी म्हणतो! राजपुत्र पाठ करतो, पूह विसरतो. दोघंही मला तितकेच आवडतात.

चांदणवेल

टिपकागद, उद्या फळ्यावरचं नाव पुसेन. वाक्य नाही पुसणार.

गेल्या वर्षी अकरा वर्षांचा एक मुलगा होता, शस्त्रक्रियेला न्यायच्या आधी अजिबात बोलत नव्हता. स्ट्रेचर फळ्यापाशी आलं तेव्हा त्याने हाताने थांबवलं, वाक्य पूर्ण वाचलं, आणि मला म्हणाला, "बळकट दिसतच नाहीये मी, म्हणजे त्याहून थोडा तरी असेन." मग स्वतःच "चला" म्हणाला. तो आता बरा आहे. ते कुणी लिहिलं यावर त्या सकाळी काहीच अवलंबून नव्हतं.

टिपकागद

खरं आहे. पण म्हणूनच ज्याने लिहिलं त्याचं श्रेय त्याला मिळावं असं मला मनापासून वाटतं. इतकं कामी येणारं वाक्य लिहिणारा कुणीतरी माणूस होता आणि आपण त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव लावतो.

निशिगंध

हा धागा दोन दिवस ऐकतेय. 'ऐकतेय' लिहिलं कारण मी जन्मापासून अंध आहे, स्क्रीन रीडर वापरते.

हे वाक्य मला आजवर किती लोकांनी पाठवलं याची गणती नाही. वाढदिवसाला, परीक्षेच्या निकालाला, काहीच नसतानाही. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी 'धन्यवाद' लिहिते. पण त्यामागे एक समजूत असते की मला डोळ्यांनी दिसत नाही म्हणजे हृदयाने आपोआप जास्त दिसत असणार. तसं काही नसतं. मीही माणसं ओळखण्यात सपशेल चुकले आहे. गोड आवाजावर भाळले आहे. तुम्हाला चेहरा फसवतो, मला आवाज फसवतो.

पुस्तक मी ब्रेलमध्ये वाचलं. ते प्रकरण बोटांखालून सावकाश गेलं आणि मला त्यात डोळ्यांपेक्षा वेळेबद्दलच जास्त सापडलं. कोल्हा म्हणतो, रोज ठरल्या वेळी ये. तू चारला येणार असशील तर मला तीनपासूनच आनंद व्हायला लागेल. मला हे वाक्य जास्त खरं वाटतं. माझी एक मैत्रीण गेली अकरा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी मला वाचून दाखवायला येते. जिन्याच्या चौथ्या पायरीवर तिची चप्पल किंचित घासते. तो आवाज यायच्या आधीच मी दाराची कडी काढलेली असते. हे ना डोळ्यांनी, ना पहिल्या भेटीतल्या हृदयाने. हे अकरा वर्षांतल्या गुरुवारांनी.

साधामाणूस

निशिगंधताई, ही चौथी पायरी माझ्या लक्षात राहणार.

रानवारा

निशिगंध, तुमच्या प्रतिसादावरून ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातली ओवी आठवली. "हें शब्देवीण संवादिजे । इंद्रियां नेणतां भोगिजे । बोलाआधि झोंबिजे । प्रमेयासी ॥" शब्दांवाचून बोलायचं, इंद्रियांना पत्ता लागू न देता अनुभवायचं. तुम्ही म्हणालात तसं, कानही त्या 'इंद्रियां'मध्ये आले, फक्त डोळेच नव्हेत.

वाटसरू

निशिगंध यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी ज्या माणसाच्या कागदांवर सही केली त्याला मी जेमतेम वर्षभर ओळखत होतो. 'जवळचा' हा शब्द मी वर सहज लिहून गेलो. आज मोजायला बसलो तर आमच्या भेटी दोन हातांच्या बोटांवर मावतील.

तरी भिंतीवर लावायचं तर माझं मत दुसऱ्या वाक्याला. वेळ घालवण्याच्या.

शब्दखुळी

वाटसरू, त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

आणि कवडसाताई, मूळ प्रश्न मागेच राहिला, डोळे कशाला? कोल्ह्यानेच उत्तर देऊन ठेवलंय. लळा कसा लावायचा हे सांगताना तो म्हणतो, आधी माझ्यापासून लांब, गवतात बस. मी तुझ्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघेन, तू काही बोलू नकोस. रोज थोडा जवळ सरक. म्हणजे सुरुवात डोळ्यांनीच होते. नंतरही, कोल्ह्याला गव्हाचा काही उपयोग नाही, पण राजपुत्राचे केस सोनेरी म्हणून यापुढे पिकलेलं शेत दिसलं की त्याला राजपुत्र आठवणार. शेत दिसायला डोळे लागतातच की.

कवडसा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण आम्ही दोघी पुस्तक वाचत होतो, रोज रात्री दोन-तीन प्रकरणं. काल संपलं.

रानवारांनी सांगितलं तशी चित्रं आधी दाखवली. हत्ती तिला लगेच पटला. पेटीतल्या मेंढीला तिने पानावर कान लावून ऐकायचा प्रयत्न केला. एकविसाव्या प्रकरणात गव्हाच्या शेताचं वाचलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्या भिंतीवर अर्धंच लिहिलंय." मी म्हटलं, हो, तिकडे धाग्यावरही सगळे तेच म्हणतायत. निशिगंध, तुमच्या मैत्रिणीची चौथी पायरी तिला सांगितली. आता ती आमच्या जिन्यावर प्रत्येकाचं पाऊल ओळखायच्या मागे लागली आहे. वडिलांचं सलग दोनदा चुकलं.

शेवट मात्र जड गेला. राजपुत्र निघून जातो आणि वैमानिकाच्या लक्षात येतं की मेंढीच्या तोंडाला बांधायची मुसकी त्याने काढून दिली खरी, पण तिला कातडी पट्टा काढायचा राहिला. मुसकी बांधताच येणार नाही. मेंढीने गुलाब खाल्ला असेल की नसेल, यावर पुस्तक संपतं. लेक बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं, राजपुत्रासाठी रडतेय. मी दिवा मालवायला उठले तर म्हणाली, "थांब." दप्तरातून पेन्सिल काढली आणि शेवटच्या पानावर, त्या दोन रेघा आणि एक तारा असलेल्या चित्राच्या खाली, छोटीशी मुसकी काढली. मग तिला पट्टा काढला. दोनदा गिरवला. टोकाला छोटं बक्कल काढलं, त्याला भोकंही पाडली.

पुस्तक ग्रंथालयाचं आहे. सांगा आता काय करू?

पिंपळपान

नवी प्रत विकत घेऊन ग्रंथालयाला द्या आणि ही घरी ठेवा. भोकं किती पाडली आहेत? मेंढी मोठी झाल्यावर पट्टा सैल करायला लागेल.

कवडसा

पाच. विचारलं तिला. म्हणे, त्यासाठीच.